अठराची गाडी

माझी स्कूटी धुळ्याची, मी पण धुळ्याची, आणि सासर जळगावचं. म्हणजे आम्ही दोघी एमएच अठरा आणि बाकी सगळं घर एमएच एकोणीस. आता एमएच म्हणजे महाराष्ट्र, पुढचा आकडा जिल्ह्याचा, मग अक्षरं, मग चार आकडे, आकडे संपले की अक्षर पुढं सरकतं, एवढं तर आठवी नापासलाही कळतं. पण आमच्या घरात त्या आकड्यावरून माणसाची किंमत करतात. सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "अठरानी सून, अठरानी गाडी, दोन्हीस्ले पेट्रोल जास्ती लागस." शेजारीण हसायची, मी पण हसायचे, न हसून सांगते कुणाला?

स्कूटी बाबांनी घेऊन दिली, त्यांच्याच नावावर. माझ्या पोरीची छाती भरते, दवाखाना गाठावा लागतो, आणि दर वेळी मोठ्या दिरांपुढं "भाऊ, सोडता का" करत उभं राहायचं, आणि भाऊंचा चहा संपेपर्यंत पोरीनं श्वास धरून ठेवायचा! म्हणून दिली.

मग सरकारनं जुन्या गाड्यांना नवी पाटी बसवा म्हणून फर्मान काढलं. चकचकीत शिक्का, कडेला बारीक निळी अक्षरं, न निघणारा खिळा. भाऊ मोबाईलवर वाचतात, म्हणून घरातले विद्वान तेच. म्हणाले, "नवी पाटी म्हनजे नवा नंबर. जळगावमा बसाडी, तं एकोनीसच येई. मंग गाडी आपली व्हई जाई, मी रोज मार्केटले ली जासू."

आपली! अन् लगेच चावी खिशात टाकून बघितली, बसते का म्हणून.

आता पोरीला धाप लागली तर मी मार्केटात भाऊंना शोधत फिरू का? मग मला नंदुरबारच्या मामांची जीप आठवली. नंदुरबार आधी धुळ्यातच होतं, वेगळा जिल्हा झाला तेव्हा नव्या गाड्यांना एकोणचाळीस मिळाला, पण मामांच्या जुन्या जीपवर अजून अठराच आहे. अख्खा जिल्हा फुटला तरी नंबर हलला नाही, मग नुसत्या पत्र्यानं कसा हलेल? हे मी भाऊंना तोंडावर सांगितलं का? छे! मनातच सांगितलं, दोनदा. मी फार शूर.

बुकिंगचा ओटीपी धुळ्याला बाबांच्या फोनवर गेला. तो त्यांनी इतक्या मोठ्यानं सांगितला की फोन नसता तरी जळगावात ऐकू आला असता.

पाटी बसवायला मी पोरीला घेऊन गेले, भाऊ पण सोबत आले, मालक म्हणून. तिथल्या माणसानं जुनी पाटी काढली, नवी पाकिटातून काढली आणि ती लावून खिळा दाबला.

भाऊ वाकून बघत राहिले. "हाई तं अठराच शे!"

"हो भाऊ," मी म्हटलं, आवाज फाटला माझा, "गाडी तीच आहे ना, नंबर पण तोच."

"मंग मार्केटले?"

"रिक्षा मिळते भाऊ, कोपऱ्यावरच."

हे मी बोलले, खरंच मी! चावी लावली. मग पोरीला पुढं उभं केलं, भाऊंना तिथंच सोडलं, आणि दवाखान्याच्या रस्त्याला लागले, तिचं औषध आणायचं होतं.