मुशी कापायचा व्हिडिओ

आईचे व्हिडिओ मी सहज म्हणून इंटरनेटवर टाकायला लागले. आई समुद्रकाठच्या दांडी गावची, उभा जन्म मासळी विकण्यात गेलेला. मी लग्न होऊन बोईसरला आले, एका कारखान्याच्या ऑफिसात लागले. आमच्या बिल्डिंगमध्ये देशावरच्या बायका बऱ्याच. मासे साफ कसे करायचे म्हणून मला विचारायच्या. मग रविवारी माहेरी गेले की मी मोबाईल धरायचे आणि आई बोलत बोलत मासा कापायची. बघणारे वाढत गेले.

मुशीचा व्हिडिओ मात्र साइटच्या कंपनीनं काढून टाकला. मुशी म्हणजे लहान शार्क. त्या दिवशी पोट फाडल्यावर आत पिल्लं निघाली होती. 'हिंसक दृश्य' असा शेरा आला. खरं सांगायचं तर पिल्लं निघाली तेव्हा मीही नजर वळवली होती.

"मासा कापला त हिंसा?" आई म्हणाली. "मंग खातात कसा ते?"

मी फेरविचाराची विनंती केली. शुद्ध मराठीत उत्तर आलं : निर्णय कायम आहे, आपल्या संयमाबद्दल आभार.

"संयम कोनी ठेवला?" आई म्हणाली.

माझा मावसभाऊ पालघरला वकिली करतो. त्याला फोन लावला. बोलायचं स्वातंत्र्य घटनेतच दिलंय ना, असं विचारलं.

"ताई, तो हक्क सरकारपुढे चालतो," तो म्हणाला. "ही खासगी कंपनी. नियम मान्य आहेत म्हणून तूच बटण दाबलंयस."

दाबलं होतं, न वाचता.

आईला हे सांगितलं तर तिला चटकन पटलं. "बाजारात दुसऱ्याच्या वट्यावर बसते मी. तो ऊठ बोलला त उठायलाच लागल. पन तो समोर येऊन बोलंल ना! मी त्याला चार शब्द ऐकवीन, तो मला ऐकवंल. हितं भांडायचा कोनाशी?"

भांडणात आई कुणाला हार गेलेली मला आठवत नाही. त्या दिवशी ती नुसती पाटी धूत बसली.

पुढचे व्हिडिओ आम्ही मासा आधीच कापून काढले. ते टिकले, पण आईला त्यात रस उरला नाही. एकदा व्हिडिओत बोलता बोलता तीच म्हणाली, "कापताना बघायचा असंल त बाजारात या. सकालची असते मी." कोण येणार, असं मला वाटलं.

पण एक बाई आली. विदर्भातली, नवरा वीज प्रकल्पात कामाला. नाकाला ओढणी लावूनच ती आईसमोर उकिडवी बसली. मुशीचं खरखरीत कातडं निघेपर्यंत उठली नाही. तुकडे करायची वेळ आली तेव्हा तिनं मोबाईल काढला. "काकू, काढू का व्हिडिओ?"

"काढ. पन घरीच बघ," आई म्हणाली.

तिनं तो नवऱ्याला दाखवला असावा. पुढच्या खेपेला पिशवी घेऊन तोही आला होता.