पोस्टकार्डाएवढी पावर

गॅरेजात पाने हरवतात, नटबोल्ट हरवतात, किस्से मात्र साठतच जातात! परवा पुतण्यानं त्याच्या लहान टर्बो गाडीची पावर वाढवून आणली. लॅपटॉप लावला म्हणे, अर्ध्या तासात काम. मी इतकंच विचारलं, "ब्रेक पाह्यले काय बे?" तो हसला. हसणारच! त्यानं आमचे वस्ताद कुठं पाह्यले?

महाराष्ट्र नवा नवा होता तेव्हाची गोष्ट. मोताळ्याले गुलाबराव वस्तादचं गॅरेज, मी अन् नामदेव तिथं मेकॅनिक. गावच्या डॉक्टरसाहेबांची एक लहान मोटार होती. राजूर घाटात तिसऱ्या वळणावर तिचा दम सुटायचा, अन् पेशंटच उतरून धक्का मारायचे! इकडे वस्तादची लेक शांता पहिल्या बाळंतपणाले माहेरी आलेली. मूल आडवं आहे, कळा लागल्या की लगेच वर बुलढाण्याले न्यायचं, असं डॉक्टरांनी बजावलेलं. एसटी दिवसातून दोनदा, अन् पोटातल्या लेकराले एसटीची वेळ कोण सांगणार? वस्तादच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"ही गाडी घाट चढलीच पाहिजे," ते म्हणाले अन् कामाले लागले.

*

पहिले चार दिवस वस्तादनं इंजिनाले हातच लावला नाही. ब्रेक खोलले, नवे लायनर बसवले, रेडिएटर धुतला. डॉक्टरसाहेब गाडी घेऊन गेले अन् तासाभरात तावातावानं परत आले.

"अहो वस्ताद, गाडी होती तेवढीच पळते!"

"थांबते कशी?"

"थांबते झकास."

"मंग आता पळवू!"

*

मग हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उतरवलं, आतला कार्बन खरवडला. काचेवर पॉलिश पेपर ठेवून हेड हातानं घासायचं, म्हणजे इंजिनाची पावर जराशी वाढते. पण घासायचं किती? एका पोस्टकार्डाच्या जाडीइतकं, बस्स! मापासाठी वस्ताद खिशात पोस्टकार्डच घेऊन फिरायचे.

नामदेवले राहवलं नाही. "वस्ताद, अजून दोन कार्डं घासू ना! उडत जाईल गाडी!"

"उडायचं नाही बे, चढायचं हाये!"

"पण लेक तुमचीच हाये ना?"

"म्हणून तर एकच कार्ड!"

*

त्याच आठवड्यात एका बागायतदाराचा पोरगा मोटार घेऊन आला. मोटार मागं, बैलजोडी पुढं! त्यानं दुसरीकडून चांगलं चार कार्डं घासून घेतलेलं. पिस्टनले भोक!

"वस्ताद, काय पळत होती हो! दोन मैल नुसती वारा!"

वस्तादनं बैलांच्या पाठीवरून हात फिरवला. "जोडी झकास हाये. तिलेच जपा."

*

घाटात ट्रायल घ्यायची ठरली. जितकं वजन खरोखर जाणार तितकंच घेऊन! डॉक्टरसाहेबांच्या जागी वस्ताद, शांताच्या अन् तिच्या आईच्या जागी मी अन् नामदेव. सोबत जाणाऱ्या दाईबाईले बोलावलं तर ती भडकली. "मी काय सरकीचं पोतं हावो, उगाच वर-खाली न्याले?"

वस्तादचे डोळे चमकले. घरून म्हशीच्या सरकीचं पोतं आणलं अन् दाईच्या जागी डिक्कीत टाकलं.

तिसरं वळण आलं. गाडी दुसऱ्या गिअरमधी चढून गेली! आम्ही ओरडलो, वस्ताद मात्र उतरून रेडिएटरले हात लावून पाहत होते. "उकळला नाही," एवढंच बोलले.

*

दुसऱ्या दिवशी काकूंनी, म्हणजे वस्तादच्या बायकोनं, घर डोक्यावर घेतलं. "म्हशीची सरकी कोणं नेली?" अन् पाहत होत्या माझ्याकडं! वस्तादनंच नेली म्हटलं तर पटेना. वस्ताद लेकीच्या काळजीत, कोणाचंच ऐकत नव्हते. अन् माझ्या चहातली साखर तेव्हापासून बंद!

*

कळा लागल्या भर दुपारी. शांता, काकू, दाईबाई बसल्या, डॉक्टरसाहेब चालवाले. गाडी निघता निघता जावई धावत आला अन् दार उघडून आत घुसला. चांगला धिप्पाड गडी!

वस्ताद मागं पळाले. "जावईबापू, तुमची ट्रायल झाली नाही हो!"

पण गाडी गेली.

वस्तादनं पाण्याचा घोट घेतला नाही. हेड मीच बसवलं होतं, मीही घाटाच्या रस्त्याकडं पाहत बसलो. दिवस बुडायच्या आधी डॉक्टरसाहेब एकटेच गाडी घेऊन आले.

"वस्ताद, नात झाली! मायलेकी ठणठणीत!"

"कुठं ढकला लागली?"

"कुठंच नाही. दुसऱ्या गिअरमध्ये चढली."

वस्ताद जुन्या टायरवर बसले अन् ढसाढसा रडले. आमचाही जीव भांड्यात पडला.

डॉक्टरसाहेबांनी डिक्की उघडली. "आणि हे पोतं कोणाचं?"

"सरकी!" मी ओरडलो. "सांगा काकूले, मी चोर नाही!"

वस्तादनं डोळे पुसले. पोत्याकडं पाह्यलं, मग बोटांवर माणसं मोजली. दोनदा मोजली.

"डॉक्टरसाहेब, गाडी इथंच ठेवा. पावर जरा जास्तच झाली, उद्या थोडी कमी करून देतो!"