अण्णांनी घेतलेला नियम

साताऱ्याच्या कचेरीत खुर्चीवर टेकते न टेकते तोच सांगलीहून वहिनींचा फोन आला. "सुमन, हे गेले गं..." हे म्हणजे माझे थोरले भाऊ, अण्णा. माझा हात आपोआप पोटावरच्या टाक्यांच्या वणावर गेला. त्या फोनला काही आठवडे उलटले तरी हात अजून तिथंच जातो, आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटते.

अण्णा हळदीचे व्यापारी. हळकुंड मोडायचं आणि आवाजावरून माल ओळखायचा, असा त्यांचा कान. यकृत निकामी झालं तेव्हा पुण्यात माझ्या यकृताचा निम्म्याहून मोठा भाग काढून त्यांना बसवला. आधी डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून समजावलं होतं. यकृताच्या पेशी एरवी निवांत असतात. भाग कापला की रक्तातून वाढीचे निरोप सुटतात. ते निरोप धरणारे रिसेप्टर पेशींवर असतात. निरोप लागला की पेशी दुभंगायच्या तयारीला लागते, टप्प्याटप्प्यावर तिची तपासणी होते, आणि शरीराला पुरेल इतकं यकृत भरलं की सगळं थांबतं. मी मान डोलावत होते. अण्णांनी मात्र मालात खोट काढावी तसं विचारलं, "आवं डॉक्टर, आन् थांबलंच न्हाई तर?" डॉक्टर हसले. "न थांबणाऱ्या वाढीला आम्ही कर्करोग म्हणतो. इथं तसं होत नाही." यातलं दुसरं वाक्य अण्णांच्या कानात शिरलंच नाही.

मग स्वतःचं दुखणं बाजूला ठेवून त्यांचे मला रोज फोन. "सुमे, भरत आलं का? लय वाढलं न्हाई न्हवं?" मी चिडवायची, "अण्णा, यकृत आहे, गुळाची ढेप नाही दाबून बघायला!" ते हसायचे नाहीत. श्रावणात माझी तपासणी झाली. यकृत भरलं होतं, वाढ थांबली होती. फोनवर अण्णा म्हणाले, "सुटलो गं बाई." कशातून सुटले ते मला कळलं नाही.

कळलं भाद्रपदात, त्यांना पुन्हा दवाखान्यात आणल्यावर. आम्हा जैनांच्या दहा दिवसांच्या दशलक्षण पर्वात त्यांनी एकाशन धरलं होतं. दिवसातून एकदाच जेवण, पाणीसुद्धा तेव्हाच. बसवलेलं यकृत शरीरानं परकं मानू नये म्हणून सकाळ-संध्याकाळ घ्यायच्या गोळ्या होत्या. त्यातली संध्याकाळची गोळी त्यांनी पर्वभर सोडली. आजाऱ्याला व्रतातून मोकळीक असते, हे मला लहानपणी त्यांनीच शिकवलेलं. मी त्यांच्या खाटेशी जाऊन भांडले. ते क्षीण आवाजात म्हणाले, "तुझं नीट भरू दे, पर्वभर एकाशन करीन, असा नियम घेतला व्हता. मोडला असता आन् तुझं परत वाढाय लागलं असतं तर?" मला आधी संताप आला, मग घाम फुटला. त्यांच्या शरीरानं माझा तुकडा नाकारला होता, आणि औषधं वाढवूनही काही उपयोग झाला नाही.

परवा सांगलीला गेले. अण्णांच्या खोलीत तांब्याची कळशी आहे. दिवस मावळायच्या आत वहिनी अजूनही तिच्यात गाळून उकळलेलं पाणी भरतात. प्यायला कुणी नाही, तरी भरतात. तिथं उभी असताना मला ठसका लागला, मी पोट दाबून धरलं. वहिनींचा चेहरा पांढरा पडला. कळशीवर हात ठेवून, डोळे मिटून त्या पुटपुटू लागल्या, "हिला काय हुऊ दिऊ नको, मी..."

मी झटकन त्यांच्या तोंडावर हात ठेवला. "वहिनी, पुढचं बोलू नका. पाया पडते तुमच्या, बोलू नका."