हुकामागची खूण

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पोरीला नाही, जावयाला नाही. जिला सांगायची गरजच नव्हती — कारण तिच्या डोळ्यांदेखतच ते घडलं — ती हौसा, माझी बायको, तिला जाऊन दोन वर्षं झाली. माझी शाळा चौथीपर्यंत. लिहिताना हात अडखळतो. पण तोंडानं सांगायला गेलो तर मधेच दुसरंच काहीतरी बोलून मोकळा होईन. ओळखतो मी स्वतःला.

शिरूरला माझं भंगाराचं दुकान होतं. लिलावातला माल दौंडहून यायचा. नव्वद सालानंतर गावोगाव बटनांचे फोन आले आणि जुने काळे, तबकडीचे फोन पोत्यापोत्यानं भंगारात निघाले. मी ते फोडायचो. तांबं एकीकडं, पितळ एकीकडं, बाकीचं उकिरड्यावर. मला त्यात फोन दिसतच नव्हता, वजन दिसायचं.

मग पुण्याचे एक साहेब यायला लागले. टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले, जुने फोन जमवायचा नाद. त्यांच्याकडून कळलं की सरकारच्या आधी काही गावांत खासगी कंपन्या फोन चालवायच्या. वीस-पंचवीस घरं, एक बोर्ड, तारा जोडून द्यायला एक माणूस. पुढं सरकारनं त्या कंपन्या घेतल्या. फोन तेच ठेवले, पण कंपनीची खूण काळ्या रंगाखाली दाबली आणि वर खात्याचा शिक्का मारला. साहेबांना ते कंपनीचे फोन पाहिजे होते. ते म्हणायचे, सगळे एकसारखेच काळे, त्यातला कंपनीचा ओळखायचा कसा हेच अवघड.

अवघड? हौसाला नव्हतं ते अवघड.

तिला वाचता येत नव्हतं. पण पितळेला चिंच आणि ओली राख लावून ती घासायला बसली, की मधेच तिचा अंगठा थांबायचा. डोळे मिटायची. "हितं काय तरी हाय," म्हणायची. कधी तबकडीखाली, कधी बोलायच्या टोपणाच्या आत, कधी रिसीव्हर अडकवायच्या हुकामागं. तिथला रंग हलक्या हातानं काढला की खूण निघायची. पुढं पुढं तर ती न घासताच सांगायला लागली. दुपारी मांडणीवर फोन लावायची ते घराण्यानं — हा याचा चुलता, ही याची धाकटी बहीण. मी हसायचो. आणि साहेब आले की तेच सगळं माझं म्हणून सांगायचो.

साहेब माझ्या पाठीवर थाप मारायचे. गावात मला फोनवाले आप्पा म्हणायला लागले. कारेगाव, पाबळहून माणसं फोन दाखवायला यायची. मी हातात घेऊन उगाच उलटासुलटा करायचो, पाणी प्यायच्या निमित्तानं आत जायचो, हौसाला दाखवायचो आणि बाहेर येऊन निकाल द्यायचो. तिला याचं काही वाटत होतं का? विचारलं नाही कधी. ती नुसती गालात हसायची.

इथवर सांगायला सोपं आहे. इतकं तर बरेच नवरे करतात. सांगायचं ते पुढं आहे — बघा, अजून टाळतोच आहे.

एकदा दौंडच्या मालात भिंतीवरचा एक फोन आला. लाकडी पेटीचा, बाजूला फिरवायचा दांडा. हौसानं हुकामागच्या पितळी पट्टीवरनं बोट फिरवलं आणि तिचा चेहराच बदलला. साहेब ज्या कंपनीचा फोन कितीतरी वर्षं शोधत होते, तोच हा, असं तिचं म्हणणं. "अवो, ह्याला हात लावू नका," ती म्हणाली. "खूण लई वरवरची हाय. साहेबांस्नी येऊ द्या."

दुसऱ्या दिवशी साहेब यायचे होते. सकाळी ती ओढ्यावर धुणं घेऊन गेली. मला वाटलं, एवढी एक तरी खूण आपण स्वतःच्या हातानं काढून दाखवू. राख-चिंच कोण घासत बसतो? मी ग्राइंडरला बफ, म्हणजे चकाकी आणायचं कापडी चाक, लावला आणि पट्टी धरली. दोन मिनिटांत आरशासारखी झाली. वरचा रंग गेला, खात्याचा शिक्का गेला. आणि खाली — काहीच नाही. सपाट. रंगाबरोबर खूणही घासून गेली होती.

साहेब आले. भिंग लावून बघितलं. पुन्हा बघितलं. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "हे कुणी घासलं?"

हौसा चहा घेऊन दारात उभी होती.

मी म्हणालो, "हिनं. राखेनं घासायची खोड हाय तिला. किती येळा सांगितलं, ऐकत न्हाई."

झालं. हेच ते.

साहेब भला माणूस. ओरडले नाहीत. "वहिनी," ते म्हणाले, "राहू द्या. पण यापुढं फोनला हात लावू नका."

"बरं," ती म्हणाली. चहा ठेवला आणि आत गेली. माझ्याकडं बघितलंही नाही. बघितलं असतं तर मी बोललो असतो का? नसतो बोललो. कशाला उगाच.

साहेब गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "राखंनं पितळ असं चमकत न्हाई. त्यास्नी तरी कळाया पायजे हुतं."

त्यानंतर तिनं फोनला कधी हात लावला नाही. रागानं नव्हे — सांगितलं होतं म्हणून. मांडणीजवळनं जाताना पदर आवरून धरायची, कुठं घासू नये म्हणून. मी एकदा फोन घेऊन आत गेलो, तर म्हणाली, मला काय कळतंय त्यातलं. पुन्हा नेला नाही. अंदाजानं ठोकत राहिलो, चुकत राहिलो. मग मोतीबिंदूचं नाव पुढं केलं. साहेबांनाही ते पटलं, गावालाही.

तिच्या तेराव्याला साहेब आले होते, काठी टेकत. चार माणसांत म्हणाले, आप्पांसारखा पारखी मी पाहिला नाही. मी हात जोडले. तिच्या तेराव्याला, तिच्या फोटोसमोर, मी हात जोडून ते घेतलं. तेव्हा तर तिथं मला कशाची भीती होती? कशाचीच नाही. सवय झाली होती, बस.

फोनवाला आप्पा नव्हतोच कधी. होती ती हौसा. पट्टी मी घासली, बफानं, तिनं नको म्हटलं असताना. आणि तिच्या हातातलं एकमेव आवडीचं काम मी एका वाक्यात काढून घेतलं.

लिहून हलकं वाटतंय. छातीवरचं उतरल्यासारखं. तिला जाऊन दोनच वर्षं झाली असताना असं वाटावं, हे बरं नाही दिसत — पण वाटतंय. ते तरी कशाला लपवू?