कुलूप बाहेर, माणूस आत

आमच्या आरोग्य केंद्रात त्यांना तोंडावर ‘सिस्टर’ म्हणतात आणि पाठीमागे ‘तोफ’. सव्वीस वर्षं एकाच भागात घरभेटीचं काम. अंथरुणाला खिळलेल्या, नाहीतर नुकतंच ऑपरेशन झालेल्या माणसांकडे जायचं, जखम धुऊन पट्टी करायची, साखर तपासायची, गोळ्या मोजून द्यायच्या आणि निघता निघता घरातल्या लेक-सुनेला चार शब्द सुनवायचे. हे शेवटचं काम सरकारी यादीत नव्हतं, पण सिस्टर ते सगळ्यांत मन लावून करत. मी त्याच केंद्रात नोंदणीच्या खिडकीवर बसते. सिस्टर फिरून आल्या की त्यांच्या वहीतलं कॉम्प्युटरवर चढवायचं, हे माझं काम. त्यामुळे ही हकीकत मला आतून-बाहेरून ठाऊक आहे, आणि तिच्यात माझाही हात आहे.

रेल्वे फाटकापलीकडे मासळी साफ करून गोठवण्याचा कारखाना निघाला, त्याला आता सहा वर्षं झाली. कामाला माणसं फार लांबून आली. बोली वेगळी, लिपी वेगळी. फाटकाजवळच्या चार इमारती त्यांनी भरल्या. आमच्या केंद्राला मात्र त्याचा पत्ताच नव्हता म्हणा ना. घरभेटीची वेळ सकाळी दहा ते एक, पूर्वीपासून तीच. पूर्वी ती चालायची, कारण पूर्वी घरात कोणी ना कोणी असायचं. आता दहाच्या ठोक्याला त्या चारही इमारतींमध्ये कुलपंच कुलपं.

एकदा यादीत एका आजीचं नाव आलं. मधुमेह, तळपायाला जखम, हॉस्पिटलातून घरी सोडलेली, दिवसाआड पट्टी. तिसऱ्या मजल्यावरचं घर. सिस्टर गेल्या तर दाराला बाहेरून कुलूप. परत फिरणार तेवढ्यात आतून खोकल्याचा आवाज आला. जिन्याकडच्या व्हरांड्यात एक गज लावलेली खिडकी होती. सिस्टरनी डोकावून पाहिलं, तर खाटेवर एक बारकीशी म्हातारी बसलेली. सिस्टरची बॅग दिसल्यावर तिने मुकाट्याने पाय उचलून स्टुलावर ठेवला. पट्टी ओली, पिवळी पडलेली. मध्ये खिडकी, गज आणि आठ-दहा फुटांची खोली.

केंद्रात येऊन सिस्टरनी वही माझ्यापुढे आपटली. “लिही. माणूस आत, कुलूप बाहेर.”

“सिस्टर, असं लिहिता येत नाही. तीनच पर्याय आहेत. भेट झाली, घर बंद, रुग्णाचा नकार.”

“अगं, ती पाय पुढे करून बसलीय! त्याला नकार म्हणू?”

“मग घर बंद.”

“घर बंद म्हणजे घरात कोणी नाही. घरात ती आहे. तुझ्या त्या खोक्यात रकाना नाही म्हणून माणूसच नाही का?”

तीनदा ‘घर बंद’ पडलं की प्रकरण आपोआप बंद होतं, हे दोघींनाही माहीत होतं. मी त्या दिवशीची ओळ कोरी ठेवली.

सिस्टरचा पहिला राग निघाला तो आजीच्या सुनेवर. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या कारखान्याच्या फाटकावर जाऊन उभ्या राहिल्या, मला सोबत नेलं. सून बाहेर आली. पायात रबरी बूट, डोक्याला टोपी, थंड पाण्याने बोटं सुजून पांढरी पडलेली. “सासूला जनावरासारखं कोंडून येतेस? लाज नाही वाटत?” सिस्टरनी सुरुवातच तिथून केली. सुनेला शब्द कळला नाही, पण सूर कळला. तिचा चेहरा उतरला. शेवटी तिच्याच मुलखातली, आमची भाषा थोडीफार बोलणारी, पॅकिंगमधली एक मुलगी पुढे आली. सून भराभर बोलत होती, मुलगी जमेल तसं सांगत होती.

“ती म्हणते, आधी कुलूप नव्हतं. मागच्या हिवाळ्यात सासू बाहेर गेली, घर सापडेना. कोणाला विचारता येईना. बस स्टँडवर सापडली, दिवेलागणीला. दिवसभर पाणी नाही प्यायली. तेव्हापासून कुलूप.”

सिस्टरनी कमरेवरचे हात खाली घेतले.

“आणि म्हणते, तुमच्या ऑफिसची दोन पत्रं आली. वाचता येईना. शिक्का बघून वाटलं, घर खाली करा म्हणतायत. आम्ही सामान बांधून ठेवलंय.”

त्या पत्रांत एवढंच होतं, की नर्स अमुक वारी येईल, घरी थांबावं. पत्रं मीच पाठवली होती.

सुनेने गळ्यातल्या दोऱ्यातून दुसरी चावी काढली आणि सिस्टरच्या हातावर ठेवली. काही विचारलं नाही, काही लिहून घेतलं नाही. सिस्टरनी मूठ मिटली.

पुढचे पाच आठवडे सगळं सुरळीत चाललं. सिस्टर दिवसाआड कुलूप उघडून आत जात, पट्टी करत, परत कुलूप लावत. जखम भरू लागली. आजींची भाषा सिस्टरना येईना, सिस्टरची आजींना. तरी दोघी एकमेकींशी अखंड बोलत. “काय बोलता एवढं?” मी विचारलं, तर म्हणाल्या, “ती तिच्या सुनेची तक्रार सांगते, मी माझ्या सासूची. अडतंय कुठे?”

मग कोणीतरी साहेबांच्या कानावर घातलं. आमचे साहेब वाईट नाहीत, कागदाला भितात एवढंच.

“सिस्टर, लाभार्थ्याच्या घराची चावी कर्मचाऱ्याकडे? उद्या काही हरवलं, म्हातारीला काही झालं, तर कोणाच्या अंगावर येईल?”

“माझ्या. आणि चावी नसताना काही झालं तर?”

“ते नियमात बसतं.”

“वा! म्हणजे पाय सडला तरी चालेल, पण नियमात सडला पाहिजे.”

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. चावी परत द्या, नाहीतर मला लेखी विचारावं लागेल, म्हणाले. सिस्टरनी चावी परत दिली, आणि त्याच दिवशी अर्ज लिहिला: फाटकापलीकडच्या इमारतींसाठी घरभेटीची वेळ संध्याकाळी पाच ते आठ करावी. साहेबांनी शिफारस करून तो वर पाठवला. वर म्हणजे कुठे, ते आम्हाला कधीच नीट कळलेलं नाही. चौकशी केली की ‘विचाराधीन आहे’ असं उत्तर यायचं. घोंगडं भिजत पडलं.

सुनेने दोनदा अर्ध्या दिवसाची रजा काढली. तिसऱ्यांदा मुकादमाने सांगितलं, आता गेलीस तर परत येऊ नकोस.

तेव्हा सिस्टरनी वेगळीच शक्कल काढली. मी ती डोळ्यांनी पाहिली म्हणून सांगते. त्या व्हरांड्यात खिडकीसमोर स्टूल टाकून बसल्या, स्वतःची चप्पल काढली, पाय गुडघ्यावर घेतला. गजातून औषधाची बाटली, कापूस, पट्टी आत सरकवली. मग स्वतःच्या धडधाकट पायाला पट्टी करून दाखवायला लागल्या. आत खाटेवर आजी तसंच करत होत्या. सिस्टरनी हात धुतल्याचं दाखवलं, आजींनी हात धुतले. सिस्टर ओरडल्या, “घट्ट नाही, घट्ट नाही!” आजी त्यांच्या भाषेत उलट ओरडल्या. जिन्यावरून जाणारा पेपरवाला थबकला आणि बघतच राहिला. पट्टी वाकडीतिकडी झाली, पण झाली. सिस्टर घामाने निथळत होत्या. “बावन्नाव्या वर्षी हे धंदे,” म्हणाल्या, आणि चप्पल शोधू लागल्या.

पण याला भेट म्हणायचं का? स्पर्श नाही, तपासणी नाही, सही नाही. साहेब म्हणाले, नाही म्हणता येणार. सिस्टर मला म्हणाल्या, “अर्जाचा निकाल लागेपर्यंत कोरं ठेव.” मी ठेवलं. पण महिनाअखेरीला कॉम्प्युटर अडून बसला. आजींच्या नावापुढच्या, खिडकीतून केलेल्या पट्ट्यांच्या, तीन ओळी कोऱ्या, आणि त्या भरल्याशिवाय तो पुढचं पान उघडेना. पन्नास जणांच्या औषधांची मागणी त्या पानावर होती. मी तिन्ही ओळींत ‘घर बंद’ टाकलं. पडद्यावर लाल अक्षरं आली: प्रकरण समाप्त.

मी सिस्टरना लगेच सांगितलं नाही. सांगणार होते. पण दुसऱ्याच दिवशी वरून आदेश आला, आणि तो अर्जावरचा नव्हता. स्थलांतरितांना सेवा कशी द्यावी, याचं आठ दिवसांचं प्रशिक्षण, परगावी, हजेरी सक्तीची. आमच्या केंद्रातून एक नाव मागितलं होतं. साहेबांनी मोठ्या मनाने सिस्टरचं दिलं.

“अहो साहेब, मी ती सेवा देतेय ना इथे!” सिस्टर म्हणाल्या.

“म्हणूनच तर तुम्हाला पाठवतोय.”

त्या आठ दिवसांत बदली नर्स आली. ती यादीप्रमाणे फिरली. यादीत आजींचं नाव नव्हतं. मी तिला तोंडी सांगितलं, पत्ताही लिहून दिला. ती म्हणाली, “ताई, समाप्त झालेल्या प्रकरणाचं सामान स्टोअरमधून मिळत नाही. रिकाम्या हाताने जाऊन काय करू?” मी एकदा स्वतः जायचं ठरवलं होतं. खिडकीवरची रांग संपली नाही. दुसऱ्या दिवशीही संपली नाही. मग राहिलंच.

सिस्टर परतल्या त्या खांद्याला प्रशिक्षणाची कापडी पिशवी अडकवून थेट त्या इमारतीत गेल्या. आजी खाटेवर तापाने फणफणलेल्या, पायाची दोन बोटं काळी पडलेली. सिस्टरनी कारखान्यात जाऊन मुकादमाच्या नाकावर टिच्चून सुनेला बाहेर काढलं, रिक्षा केली. हॉस्पिटलने दोन्ही बोटं काढली. पाय वाचला. डॉक्टर म्हणाले, चार दिवस आधी आणायला हवं होतं.

मी लाल अक्षरांची गोष्ट सांगितली तेव्हा सिस्टर माझ्यावर ओरडतील असं वाटलं होतं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी खुर्ची ओढली, बसल्या आणि म्हणाल्या, “तू नसतं दाबलंस, तर दुसऱ्या कोणी दाबलं असतं. पण तू दाबायला नको होतंस.” महिनाभर त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या.

त्यानंतर सुधारणांची लाट आली. त्या लोकांच्या भाषेतली पत्रकं छापून आली, चकचकीत, पाच हजार. पॅकिंगमधल्या मुलीला सिस्टरनी एक वाचायला दिलं. ती वाचता वाचता हसायला लागली, मग हसायची थांबली. “यात लिहिलंय, सरकारी बाई घरी येऊन रुग्णाला बांधून ठेवेल.” पट्टी बांधण्याचं भाषांतर कोण्या यंत्राने केलं होतं. अर्धी पत्रकं वाटूनही झाली होती. मग मदतीचा फोन सुरू झाला. तो लावला की आधी दोन मिनिटं आमच्या भाषेत सूचना, आणि त्यांच्या शेवटी: आपल्या भाषेसाठी चार दाबा. तिथपर्यंत कोण थांबणार? आणि कळणार कोणाला?

सगळ्यात शेवटी संध्याकाळची वेळ मंजूर झाली. आठवड्यातून दोन दिवस, प्रायोगिक तत्त्वावर. जादा माणूस नाही, सकाळची फेरी तशीच. सिस्टर त्या दोन दिवशी सकाळी नऊला घर सोडतात आणि रात्री साडेआठला पोचतात. त्यांचे यजमान म्हणतात, “आता आमच्याही घरी प्रायोगिक तत्त्वावर या.” आजींचं प्रकरण नव्याने उघडावं लागलं. त्या आता वॉकर घेऊन खोलीतल्या खोलीत चालतात, सिस्टरच्या पुढ्यात पाय ठेवतात आणि पूर्वीसारख्याच बोलत सुटतात. सूनही त्या वेळेला घरी असते. तिने आमच्या भाषेतले दहा-बारा शब्द उचललेत. त्यातले निम्मे सिस्टरचे, चारचौघांत न उच्चारण्याजोगे.

मागच्या मंगळवारी रजिस्टर घेऊन मी सोबत गेले होते. आजींकडून बाहेर पडलो, तर पलीकडच्या दारातून एक बाई पुढे आली. तिने सिस्टरचा हात धरला आणि आत ओढू लागली. खाटेवर एक पुरुष, हाताला कसलंसं फडकं गुंडाळलेला, बहुतेक कारखान्यातच कापलं असावं. सिस्टरनी फडकं उघडून पाहिलं, होतं नव्हतं ते साहित्य काढून जखम धुतली, पट्टी केली. रोज करावी लागेल, असं बोटांनी दाखवलं. बाईने विचारलं असावं, उद्या येणार का? सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. यादीत अकरा घरं होती, यादी भरलेली होती. नवीन नाव घालायचं तर नोंदणी केंद्रातच करावी लागते.

“उद्या केंद्रावर या,” सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या. “दहा ते एक.”

बाईला काहीच कळलं नाही. तिने जोरजोरात मान हलवली, हसली, आणि दार लावून घेतलं.

सिस्टर जिना उतरल्या. स्कूटरवर बसल्या, पण किल्ली फिरवली नाही. मी रजिस्टर उघडून पेन्सिलने बारावी ओळ आखायला घेतली, तर म्हणाल्या, “पेनने आख. आणि उद्या रांग असो नसो, दहाला खिडकी बंद करून इथे यायचं. फॉर्म तू भरायचास, तिच्या घरी बसून. साहेबांना मी बघते.”

मी बुधवारी गेले. दाराला कुलूप होतं. दोघंही कामावर गेली होती, तो कापलेल्या हाताने.