भीमाकाठी भोंगा घेऊन

शिरूरहून स्कूटरवर निघालो तेव्हा मी आणि सुनंदा यांच्यामध्ये एक भोंगा होता. इतक्या वर्षांच्या संसारात आमच्यामध्ये पुष्कळ गोष्टी येऊन गेल्या. पण लोखंडी, हँडल फिरवलं की बोंबलणारी अशी ही पहिलीच. सासूबाई दारात उभ्या होत्या. जावई भोंगा घेऊन चाललाय हे शेजारणीला कसं समजावावं, हे त्यांना कळत नव्हतं. त्यांनी "सांभाळून" एवढंच म्हटलं, तेही माझ्याकडे न बघता सुनंदाला.

या भोंग्याचा इतिहास थोडक्यात सांगतो. मी रांजणगावच्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे. कंपनीला आगीच्या वेळी लोकांना बाहेर काढणारा एक जबाबदार माणूस हवा होता, आणि त्या मीटिंगला दुसरा चहा येईल म्हणून मी शेवटपर्यंत बसून राहिलो होतो. तेव्हापासून मी सेफ्टी मार्शल. कधीतरी भोंगा वाजतो, मी पिवळं हेल्मेट घालून हिरवळीवर उभा राहतो, आणि माणसं गप्पा मारत बाहेर येतात. आग आजवर लागलेली नाही. हे माझंच यश आहे असं मी केडगावच्या एका लग्नात, पंगतीत, जिलबी खाताना माझ्या साडूंना, म्हणजे तानाजीरावांना, सांगितलं.

तानाजीराव दौंड तालुक्यातल्या एका भीमाकाठच्या गावचे, ग्रामपंचायतीचे मेंबर. गावाचं नाव लिहीत नाही, कारण ते लोक वाचतात. तानाजीराव म्हणाले, "मग आमच्याकडं या की पाव्हणं. वरच्या धरणातनं पाणी सोडलं की आमची खालची आळी दरसाल भिजती. लोकांना जरा शिकवा." जिलबी तोंडात असताना माणसाने कुठलंही आमंत्रण घेऊ नये, पण मी घेतलं.

न्हावऱ्याला चहाला थांबलो. हेल्मेट सुनंदाच्या मांडीवर होतं आणि त्यात तिने शिरूरच्या बाजारात घेतलेली मेथी होती. मी पैसे देत असताना एका आजोबांनी "ह्ये काय शेवया करायचं यंत्र हाय व्हय?" म्हणत भोंग्याचं हँडल फिरवलं. शेळ्या उधळल्या. स्टँडवर उभी असलेली एसटी निघाली आणि तिच्यामागे तिचा कंडक्टर पळत सुटला. आम्ही चहा अर्धा टाकून निघालो.

पुढे पुलावरून भीमा पाहिली. गढूळ, रुंद, अगदी शांत. आकाश स्वच्छ होतं. "ही कुणाला बुडवणार?" मी म्हणालो. मग चौफुल्याच्या अलीकडे एका गुऱ्हाळावर काकवी (उसाचा रस आटवून गूळ होण्याआधी मिळतो तो पाक) प्यायलो. ती गरम असते असं गुऱ्हाळवाल्याने सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. जीभ अशी पोळली, की गावाला सुरक्षेवर भाषण द्यायला निघालेला माणूस संध्याकाळी गावात शिरला तो तोंडात थंड पाणी धरून, हाताने खुणा करत.

तानाजीरावांचं घर खालच्या आळीतच होतं, नदीकडून दुसरं. पडवीत बाजेवर (दोरीने विणलेल्या खाटेवर) त्यांच्या आई पडून होत्या. त्यांना सगळे बायजाक्का म्हणतात. दोन वर्षांपूर्वी गोठ्यात घसरून पडल्या तेव्हापासून पाय गेले. बाकी सगळं, विशेषतः जीभ, शाबूत. मी पाया पडलो.

"ह्ये शिकवणार व्हय पुराचं?" त्यांनी तानाजीरावांना विचारलं. "पवाया येतंय का ह्यान्ला?"

मला पोहता येत नाही. तोंडात पाणी असल्याने मी नुसतं हसलो.

रविवारी सकाळी देवळापुढे भाषण केलं. मुद्दा एकच होता. भोंगा वाजला की हातातलं काम टाकायचं आणि टेकाडावरच्या शाळेकडे जायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी हेल्मेट घातलं, त्यातून मेथीचं एक पान कपाळावर पडलं, ते झटकून मी हँडल फिरवलं.

गाव क्षणभर थबकलं. मग एक जण ओरडला, "पाणी आलं वाटतं," आणि सगळी आळी, तिच्यामागे वरची आळी, बाया, कडेवरची पोरं, देवळातला गुरव, अख्खं गाव नदीकडे पळत सुटलं. पूर आला की तो बघायला जायचं, ही इथली जुनी रीत. चार दिवस मग तेच बोलणं. कुणी नाही गेलं, तर त्याची तब्येत बरी नाही असं समजतात. मी मागून "वर, वर" ओरडत पळालो. काठावर पोचलो तेव्हा सगळे रांगेने उभे राहून पाणी बघत होते. मीही धापा टाकत बघितलं. खरं सांगायचं तर चांगलंच दिसत होतं.

"गुडघाभर बी चढलं न्हाई," कुणीतरी नाराजीने म्हणालं, आणि माणसं परतली.

घरी आलो. पडवीत बायजाक्का एकट्याच बाजेवर होत्या. आमच्यातला एकही जण घरात थांबला नव्हता. सुनंदा आणि तिची बहीण शकू, दोघीही नदीवरूनच येत होत्या.

"आलं का पाणी?" बायजाक्कांनी विचारलं. "मला वाटलं, म्हातारी पवत खाली कवा येती ते बघाया काठावर हुबं ऱ्हायला समदी."

"आई, आवं खोटं खोटं व्हतं ते," तानाजीराव म्हणाले. "खऱ्या वक्ताला मी हाय की."

"तूच सगळ्यांच्या म्होरं व्हतास. तुजी एक चप्पल हितं दारात पडलीय बघ."

तानाजीरावांनी चप्पल उचलली आणि आत गेले. मी हेल्मेट काढलं. मीही आत गेलो. जेवायला बाजरीची भाकरी, नदीतल्या मरळ माशाचं कालवण आणि खरडा होता. पोळलेल्या जिभेवर खरडा गेला आणि माझे डोळे वाहू लागले. शकूला वाटलं, मला सकाळचं फार लागलं. तिने मला माशाचा मोठा तुकडा वाढला. मी खुलासा केला नाही.

हात धुतोय तोवर तानाजीरावांचा फोन वाजला. तलाठी होते. वर घाटात रात्रभर पाऊस झाला होता, धरणातून पाणी सोडलं होतं आणि दुपार कलण्याच्या आत ते गावाशी येणार होतं. आमच्या अंगणात लख्ख ऊन होतं आणि शकूच्या कुरडया वाळत होत्या.

मी भोंगा घेऊन आळीत उभा राहिलो आणि जीव खाऊन हँडल फिरवलं. एक दार उघडलं. एक बाई म्हणाली, "बास की आता पाव्हणं, पोरगं निजलंय." पलीकडून एकाने ओसरीवरूनच हात केला, "सकाळी बघितलं की आमी." मी सांगत होतो, की आताचं खरं आहे. पण मी सकाळीही हेच, याच आवाजात सांगितलं होतं. लोकांना भोंग्यावर एकदा पळवण्यात मी यशस्वी झालो होतो. आता काही केल्या ते पळणार नव्हते.

"ऱ्हाऊ द्या त्यो भोंगा," तानाजीराव म्हणाले. "आधी आईला काढू."

त्यांनी फोन करताच वरच्या आळीतले रज्जाकभाई धावत आले. त्यांचा टेम्पो आहे. "टेम्पो खाली येत न्हाई, लई चिखल हाय," ते म्हणाले. "बाजच उचलू." तानाजीराव, रज्जाकभाई, शेजारचा एक पैलवान आणि मी, असे चार कोपऱ्यांना लागलो. हातात धरून चाललो तर बोळात उकिरडा आडवा आला, म्हणून बाज खांद्यावर घेतली. दहा पावलांत माझा कोपरा इतका खाली गेला, की बायजाक्का माझ्याकडे घरंगळू लागल्या.

"ह्यान्ला काढा," त्या म्हणाल्या. "पडून मरण्यापरीस बुडून मेलेलं बरं."

माझ्या जागी शकू लागली आणि बाज सरळ झाली. वर ऊन तापलं होतं म्हणून सुनंदाने बायजाक्कांवर पांढरी चादर टाकली. बायजाक्कांनी ती तोंडावर ओढून घेतली. मग चादरीखालून हुकूम आला, "माझं तुपाचं मडकं ऱ्हायलं. त्ये घेतल्याबिगर मी जायची न्हाई." मी आत जाऊन शिंक्यात टांगलेलं मडकं काढलं, शिंक्यासकटच, कारण गाठ सुटेना. फुटू नये म्हणून मला पुढे घातलं. अशी आमची वरात निघाली. पुढे उघड्या डोक्याने, हातात मडकं लोंबकळवत, खरड्याने डोळे लाल झालेला मी. मागे चार खांद्यांवर पांढऱ्या चादरीखाली बायजाक्का. त्यांच्यामागे पदर तोंडाला लावून सुनंदा. तिला हसू आवरत नव्हतं, पण मागून तसं दिसत नसावं.

भोंग्याला न उघडलेली दारं एकेक करून उघडू लागली. मघाची बाई पोराला तसंच खांद्यावर टाकून बाहेर आली. ओसरीवरून हात केलेल्या माणसाने टोपी घातली, पायऱ्या उतरला आणि मुकाट्याने मागे चालू लागला. चहावाल्याने स्टोव्ह बंद केला. कुणी कुणाला काही विचारलं नाही. खालची आळी, मग वरची, सगळी माणसं मागे आली. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा आम्ही चढाला लागलो होतो आणि एक म्हातारबाबा माझ्या शेजारी चालत हळू आवाजात विचारत होते, "कवा गेली? आन् माती (अंत्यविधी) वर कुठं? मसणवटा खाली नदीला हाय."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग मागे बघितलं. खालच्या आळीत आता एक माणूस उरला नव्हता. मी तोंड मिटलं, मान खाली घातली आणि मडकं सांभाळत जरा भराभरा चालू लागलो. सेफ्टी मार्शल म्हणून मी आयुष्यात घेतलेला हा एकमेव योग्य निर्णय.

शाळेच्या व्हरांड्यात बाज ठेवली. माणसं गोल करून उभी राहिली. बायका डोळ्यांना पदर लावायच्या बेतात होत्या तोच चादर बाजूला झाली आणि बायजाक्का कोपरावर उठून म्हणाल्या, "मडकं फोडलं न्हाई नव्हं त्यानं?"

दोन बायका किंचाळल्या. गुरव मागे सरकला. मग कुणीतरी हसलं, कुणीतरी तानाजीरावांना शिव्या दिल्या, आणि एक जण चिडून माझ्याकडे वळणार एवढ्यात त्याची नजर खाली गेली. तिथून नदी सगळी दिसत होती. काठावरची बाभळीची झाडं नव्हती, नुसते शेंडे होते.

पुढचा वेळ भाषणात सांगितल्यासारखा मुळीच गेला नाही. माणसं धावत खाली गेली, म्हशी सोडल्या, शेळ्या हाकलल्या, धान्याची पोती रज्जाकभाईंच्या टेम्पोपर्यंत ओढत नेली. चिडलेल्या गृहस्थाने जाता जाता सुनंदाच्या काखेतलं माझं हेल्मेट मागून नेलं आणि त्यात कोंबडीची पिल्लं आणली. मी व्हरांड्यात उभा राहून माणसं मोजत होतो, कारण मला तेवढंच येतं. खालच्या आळीतलं प्रत्येक घर वर आलं होतं. नदी त्यानंतर आली, आवाज न करता, उन्हात. दिवस कलला तेव्हा तानाजीरावांच्या पडवीत, सकाळी आम्ही बायजाक्कांना एकटं टाकून गेलो होतो त्याच जागी, छातीइतकं पाणी होतं. तानाजीराव तिकडे बघत उभे होते. चप्पल पुन्हा एकच होती.

त्यांनी बाज ओढून कठड्याशी नेली, आईला पाणी दिसावं म्हणून. बायजाक्का बराच वेळ बघत राहिल्या. दोन पावसाळे त्यांनी पूर फक्त ऐकला होता.

"केवढी झालीया," त्या म्हणाल्या. मग मान वळवून मागच्या गर्दीकडे बघितलं. "आन् माझ्या मातीला एवढी माणसं. वरची आळी बी आली व्हय रं? मग ठीक हाय. खऱ्या वक्ताला न्हाई आली तरी चालंल."

"आक्का, तवा बी येऊ की," रज्जाकभाई म्हणाले. "पन बाज हलकी ठिवा. तूप जरा कमी खावा."

पाणी ओसरून रस्ता मोकळा झाला तेव्हा आम्ही निघालो. तानाजीरावांनी तोवर ठरवून टाकलं होतं, की यापुढे निरोप आला की आधी बायजाक्कांची बाज निघणार आणि गावाने तिच्यामागे यायचं. बायजाक्कांची ना नव्हती. फक्त चादर रंगीत हवी म्हणाल्या. भोंग्याविषयी कुणी काही बोललं नाही. शकूने तो धुऊन, पुसून, आदराने परत बांधून दिला.

स्कूटरवर मी विचार करत होतो. कंपनीत भोंगा वाजल्यावर माणसं बाहेर येतात, कारण बाहेर हिरवळ आहे आणि काम थांबतं. आमच्या पुण्याच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक आजी अंथरुणाला खिळून आहेत. त्यांना खाली कोण आणणार, हे मी, हेल्मेटवाला, कधी विचारलेलं नाही. सुनंदाला म्हणालो, "परत गेलो की वर जाऊन येतो."

"एकटे उचलायला जाऊ नका," ती म्हणाली.

पुलावर पोचलो तर दोन्ही कठड्यांना माणसं लागून उभी होती. पाणी अजून पुलाच्या पोटाशी घसटत होतं आणि सगळे वाकून बघत होते. मला राहवलं नाही. स्कूटर लावली, भोंगा काढला आणि "मागे व्हा" म्हणत जोरात वाजवला. कठड्यावरचं कुणी हललं नाही. पण पलीकडच्या टपऱ्यांमधून, थांबलेल्या जीपमधून, उसाच्या रानातून माणसं काय झालंय ते बघायला पळत पुलावर येऊ लागली.

मी हँडल सोडलं. सुनंदा शांतपणे स्कूटरवरून उतरली आणि पिशवीतून चादर काढू लागली.

"व्हा आडवे," ती म्हणाली. "त्याशिवाय ही हलायची नाहीत."