चुलीजवळचा पाहुणा

फील्डवर काम करणाऱ्याकडे दुसरं काही साठो न साठो, किस्से मात्र साठतात. ऑफिसवाल्यांकडे रिपोर्ट असतात, आमच्याकडे रिपोर्टात न मावलेलं सगळं! जुने दोघं-तिघं वाशिमच्या बसस्टँडवर भेटले, की कुणीतरी म्हणतं, "ते आठवते काय रे?" मग बस सुटलीच म्हणून समजा. आधी आम्ही पोट धरून हसायचो. आता हसता हसता मध्येच एखादा चहा सांगायला उठतो.

प्रोजेक्ट होता युरोपातल्या एका भल्यामोठ्या विद्यापीठाचा. विषय, चुलीचा धूर आणि बायकांची फुप्फुसं. विद्यापीठाचं नाव आमच्यातल्या एकालाही धड घेता यायचं नाही, म्हणून आपलं 'युरोपवाले'. तिथून वैद्यकीय पेपर असे निघतात, जसं हंगामात थ्रेशरमधून सोयाबीन! त्यातला एक दाणा आसेगावकडच्या एका वस्तीतला. मी तिथला को-ऑर्डिनेटर.

*

पहिलं काम फुंकायचं. मशीनच्या नळीत बाईनं जोर लावून फुंकलं की फुप्फुसाची ताकद कळते. आमची नर्स उज्ज्वला ओरडायची, "फुका, फुका, अजून फुका!" पण वस्तीतली कवसामावशी डोक्यावरचा पदर सावरत इतकं हळू फुंकायची, की मशीन रीडिंगच घेईना.

"मावशी, जोर लावा ना!"

"कसा लावू व माय? मामाजी बसेल हायेत ना समोर!"

ओसरीवर तिचे म्हातारे चुलतसासरे बाजेवर बसलेले. त्यांना बाजेसकट उचलून निंबाखाली नेलं. मग मावशीनं असं फुंकलं, की खोकल्याची उबळच आली. पाणी पाजलं, पाठ चोळली, तरी थांबेना. शेवटी डोळे पुसत म्हणाली, "जलमभर चुलीत फुकलं, आता नयीत फुकाले सांगून राह्यले. माह्या नशिबी फुकनंच हाय!"

सगळे हसलो. मावशीही हसली. रीडिंग मात्र फार वाईट आलं होतं.

*

डॉक्टर मार्ता म्हणजे प्रोजेक्टच्या मुख्य बाई. स्वभावानं एकदम सरळ. पहिल्याच दिवशी दर घरात चहा झाला. दुपारी बाईनं मला बाजूला घेतलं आणि कळवळून विचारलं, "इथं नको म्हणायची काही पद्धत आहे का?"

म्हटलं, "आहे ना. 'अर्धाच द्या' म्हणायचं."

"मग?"

"मग पूर्ण कप येतो!"

कवसामावशीच्या घरी मात्र मार्ता चहा पिता पिता थांबली. मावशी तिच्या डोळ्यात बघून विचारत होती, "बाई, ह्या खोकल्याचं काई होईन काय? दम पुरत नाई. नातीचं लगन हाय औंदा. मांडवात उभं तं राह्यता आलं पाह्यजे ना मले."

मार्ता बोलली, मी मराठी केलं. पुढच्या टप्प्यात बिनधुराच्या चुली येतील, छातीचा डॉक्टर येईल, औषधं येतील. पण निवडक वस्त्यांनाच. कोणत्या, ते घरात ठेवायचं धूर मोजणारं मशीन ठरवेल. नेहमीसारखा स्वयंपाक करा, बस.

"ठेवा मंग मशीन," मावशी म्हणाली.

गाडीत बसल्यावर मार्तानं मला बजावलं. जिथं धूर जास्त, तीच वस्ती निवडणार. पण हे गावात अजिबात बोलायचं नाही. कळलं तर लोक मुद्दाम धूर वाढवतील आणि सगळे आकडे वाया जातील. संशोधनाचा तसा नियमच असतो म्हणे. मला तेव्हा तो पटलाही होता.

*

मशीन म्हणजे टिफिनएवढी पांढरी पेटी, वर हिरवा लाइट. चुलीजवळच्या भिंतीला टांगायची. आठवड्याभरानं काढायला गेलो, तर बायकांनी तिला हळदकुंकू लावलेलं! एकीनं तर हारही घातला होता.

युरोपातून मेल आला. फोटो जोडलेला. "पेटीवर पिवळी आणि लाल पावडर आढळली आहे. कृपया पदार्थाचं स्वरूप कळवा."

मी कळवलं, "आदर."

पुढं काही विचारणा झाली नाही.

*

मग कितीतरी दिवस काहीच नाही. कवसामावशीचा फोन मात्र यायचा. "बापू, मशीन काय म्हन्ते?" मी म्हणायचो, "मोजणं चालू हाय मावशी." नातीच्या लग्नात मावशी मांडवाच्या कडेला खुर्चीत बसून होती. अक्षता टाकायला तिला दोघींनी धरून उभं केलं. मला म्हणाली, "डॉक्टर आला असता तं नाचली असती म्या!"

एक दिवस पेपर छापून आला. विद्यापीठाच्या वेबसाइटवर अगदी वर होता. आम्ही पेढे आणले. पेढे संपायच्या आत त्याच्यावर दुसरे पेपर येऊन बसले आणि आमचा खाली खाली गेला.

नंतर मी तो नीट वाचला. या वस्तीतल्या बायकांची फुप्फुसं फारच कमजोर. घरातला धूर मात्र अपेक्षेपेक्षा पुष्कळ कमी, जवळजवळ नाहीच. तेव्हा या आजाराचं कारण कळत नाही. आणखी संशोधनाची गरज आहे.

संध्याकाळी मार्ताचा फोन आला. आवाज पडलेला. पुढचा टप्पा दुसऱ्या देशात जाणार होता. "पण मी स्वतः त्या घरांच्या भिंती पाहिल्यात. काळ्या होत्या," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.  मशीन टांगायला आणि काढायला आम्ही गेलो होतो ते दुपारी, चुली विझल्यावर. 

*

शेवटी मीच वस्तीत गेलो. म्हटलं, जे आहे ते तोंडानं सांगू. कवसामावशी दारातच बसलेली. आणखी वाळली होती.

"आलं काय छापून?"

"आलं मावशी."

"काय लिवलं?"

मान खाली घालूनच सांगितलं, "तुमच्या वस्तीत धूर नाई, असं लिवलं."

मावशीचं तोंड असं फुललं, की मी पाहतच राहिलो.

"वं सुमन! इकडं ये व माय! आपल्या घरात धूर नाई म्हून युरोपात छापून आलं!" पुढचं खोकल्यात गेलं.

शेजारची सुमन पिठाच्या हातानं धावत आली. "म्या म्हनलं नव्हतं काय, मावशी!"

"पन असं कसं झालं?" मी विचारलं. "तुमी सैपाक तं चुलीवरच करता ना?"

"करतो ना. पन मशीन व्हती तवा घरात काडी नाई पेटवली," मावशी म्हणाली. "मांगच्या अंगनात तीन धोंडे मांडले अन् तिथंच भाकरी थापल्या. साऱ्या गल्लीनं तसंच केलं. काय थंडी व्हती बाप्पा! मले तं तापच भरला."

"पन कायले, मावशी?"

"कायले म्हन्जे? ग्रामस्वच्छतेचे सायेब तपासाले येतेत तवा आपन गाव झाडतो का नाई? घान असली तं कोनी बक्षीस देते काय? अन् एवढ्या दूरचा पाव्हना, त्याच्या तोंडावर धूर सोडते काय कोनी?"



"बस, चहा ठेवते," म्हणत मावशी भिंतीला धरून आत गेली. चुलीत पऱ्हाटीच्या काड्या सारल्या आणि फुंकू लागली. काड्या ओल्या होत्या. घर धुरानं भरलं, मावशी दिसेनाशी झाली, नुसता खोकला ऐकू येत होता. तो जरा थांबला तसा आतून आवाज आला,

"म्हन्जे पयला नंबर आपलाच ना बापू? मंग छातीचा डॉक्टर कवा येऊन राह्यला?"